परक्या नजरेचा परीषह

आपल्या धर्मात चालण्याचेही शास्त्र आहे. साधू-साध्वीजी विहाराला निघतात तेव्हा पुढची चार हात जमीन न्याहाळत पाऊल टाकतात. पायाखाली एखादा सूक्ष्म जीव येऊ नये म्हणून घेतलेल्या या दक्षतेला ईर्यासमिती म्हणतात. तिच्या पाठोपाठ भाषासमिती येते : बोलावे ते मोजके, हितकर आणि कोणाच्या मनाला इजा न करणारे. श्रावक-श्राविकांकडून या समित्यांच्या काटेकोर पालनाची अपेक्षा नसली, तरी त्यामागचा विचार आपल्या घराघरांत लहानपणापासून रुजवला जातो. पाणी गाळून पिणारा, मुंगीच्या वाटेवरून पाऊल बाजूला घेणारा आपला समाज आहे. अशा समाजात ज्याचे पाऊल इतरांसारखे पडत नाही, त्या माणसाकडे आपण कसे पाहतो आणि त्याच्याशी काय बोलतो, हा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे.

या प्रश्नाकडे मी केवळ अभ्यासक म्हणून पाहू शकत नाही. दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला आणि उजवा पाय अधू राहिला. शाळा, कॉलेज, एम. कॉम. आणि त्यानंतरची बँकेतील चौतीस वर्षांची नोकरी मी कॅलिपर आणि कुबडीच्या आधाराने केली. पोलिओ झालेल्या अनेकांचे स्नायू उतारवयात पुन्हा दुबळे होतात. तसे माझेही झाले असून आता घराबाहेर मी चाकाची खुर्ची वापरते. पायाच्या अधूपणाशी सवयीने जुळवून घेता येते. अनोळखी माणसांच्या प्रतिक्रियांशी मात्र रोज नव्याने जुळवून घ्यावे लागते. घरच्यांना काही दिवसांनी कुबडी दिसेनाशी होते. परक्या माणसाला बराच वेळ कुबडीखेरीज दुसरे काही दिसत नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ५४ लाखांची अडचण हालचालीची होती, म्हणजे दर पाच दिव्यांगांमागे एक. पोलिओ हे त्याचे एक कारण झाले. अपघात, अर्धांगवायू, मधुमेहामुळे पाय गमवावा लागणे, संधिवात आणि सरळसरळ वार्धक्य ही कारणे आजही कोणत्याही घरात येऊ शकतात. पेढीवर दिवसभर बैठे काम करणाऱ्या आपल्या कुटुंबांना मधुमेह आणि गुडघेदुखी काही नवीन नाहीत. त्यामुळे हा विषय दुसऱ्या कोणाचा समजून पान उलटू नये, अशी वाचकांना विनंती आहे.

पाहणारे आणि विचारणारे

परक्या प्रतिक्रियेचा पहिला प्रकार म्हणजे टक लावून पाहणे. लहान मुलांचे पाहणे निर्मळ असते. रेल्वेच्या डब्यात एखादे मूल कॅलिपरच्या लोखंडी पट्टीला बोट लावून विचारते, ‘आजी, हे काय आहे?’ लगेच त्याची आई ओशाळून त्याला मागे ओढते, डोळे वटारते. मुलाला त्यातून एकच धडा मिळतो, की अशा माणसाकडे पाहायचे नाही आणि त्याच्याशी बोलायचे नाही. अशा वेळी मी त्या आईला थांबवते आणि मुलाला सांगते, ‘तुझ्या सायकलला स्टँड असतो ना, तसा हा माझ्या पायाचा स्टँड.’ त्याचे समाधान होते आणि पुढचा प्रवास ते मला आपली खेळणी दाखवण्यात घालवते. आज सरळ उत्तर मिळालेले मूल उद्या सरळ नजरेने पाहणारा माणूस होते, असा माझा अनुभव आहे.

मोठ्यांचा प्रश्न साधारण दोन मिनिटांनी येतो. माझ्या तरुणपणी तो ‘पोलिओ का?’ असा असे, कारण तेव्हा प्रत्येक गल्लीत पोलिओ झालेले एखादे तरी मूल होते. १९९५ पासून देशभर पल्स पोलिओची मोहीम चालली. भारतात वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित केले. यापरता दुसरा आनंद आम्हाला कोणता असणार? मात्र त्यामुळे आजच्या तरुणांना पोलिओ ओळखता येत नाही. ते विचारतात, ‘अपघात झाला होता का?’ त्यापुढची प्रश्नमालिका तेवढी पन्नास वर्षांत बदललेली नाही : जन्मापासून आहे का, लग्न झाले आहे का, घरचे सांभाळतात ना?

इथे एक वैद्यकीय गोष्ट सांगितली पाहिजे. पोलिओचा विषाणू पाठीच्या कण्यातील, स्नायूंना हालचालीचा आदेश देणाऱ्या पेशी नष्ट करतो. संवेदना मात्र शाबूत राहते. पाय चालत नाही, पण स्पर्श, चटका, वेदना हे सारे त्याला कळते. गर्दीत हा पाय तुडवला गेला, तर ‘त्या पायाला काय कळते’ असे मानून लोक खुशाल पुढे जातात. अधू माणसाच्या मनाविषयीही पुष्कळांची समजूत अशीच असते.

न मागितलेली मदत

मदतीची इच्छा मोलाची असते, तिची थट्टा कोणी करू नये. पण मदतीलाही तंत्र असते. कुबडीवर चालणाऱ्याचा सारा तोल कुबडीवर असतो. पायऱ्या चढताना कोणी मागून येऊन कुबडीकडचा दंड घट्ट धरला, तर आधार मिळण्याऐवजी तोलच जातो. चाकाची खुर्ची तीव्र उतारावरून नेताना उलटी, म्हणजे बसलेल्या व्यक्तीची पाठ उताराकडे ठेवून, हळूहळू खाली घ्यावी लागते. सरळ नेली तर बसलेला माणूस पुढे फेकला जाऊ शकतो. खुर्ची उचलायची वेळ आली तर हात टेकायचे दांडे किंवा पाय ठेवायच्या फळ्या धरू नयेत, कारण अनेक खुर्च्यांत त्या सुट्ट्या होतात. खुर्चीचा मुख्य सांगाडा धरावा. आणि या सर्वांच्या आधी एक वाक्य उच्चारावे : ‘मदत हवी आहे का? कशी करू?’ ‘नको’ असे उत्तर आले, तर ते राग न मानता स्वीकारावे.

‘कशी करू’ या प्रश्नात किती सामर्थ्य आहे, याचे उत्तम उदाहरण जयपूर फूट हे आहे. १९६८ च्या सुमारास जयपूरचे कुशल कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडवला. त्यापूर्वीचे पाश्चात्त्य धाटणीचे कृत्रिम पाय बूट घालून चालण्यासाठी बनवलेले असत. ते घालून मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, अनवाणी शेतात किंवा मंदिरात जाता येत नसे. आपल्या माणसाचे रोजचे जगणे कसे आहे हे आधी पाहून, मग त्याला साजेसा रबरी पाय तयार झाला. १९७५ मध्ये श्री. डी. आर. मेहता यांनी जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि हे पाय गरजूंना विनामूल्य मिळू लागले. प्रभू महावीरांच्या नावाने उभे राहिलेले हे कार्य आपणा सर्वांना अभिमानास्पद आहे.

मदत घेणाऱ्याच्या बाजूनेही काही शिकण्यासारखे असते. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात बावीस परीषह सांगितले आहेत. उत्तराध्ययन सूत्राचे दुसरे अध्ययनही याच विषयावर आहे. भूक, तहान, थंडी, ऊन यांच्या जोडीला तेथे ‘याचना’ हाही एक परीषह मानला आहे. गोचरीसाठी दारोदार जाणाऱ्या साधूला मागण्याचा संकोच जिंकावा लागतो. आपल्या व्यापारी घरांत देणारा हात व्हावे, घेणारा होऊ नये, असा संस्कार असतो. तो चांगलाच आहे. पण पाय थकल्यावर तोच संस्कार माणसाला घरात कोंडतो. ‘कोणाचे उपकार नकोत’ म्हणत बाहेर जाणे सोडून दिलेले कितीतरी वृद्ध मी पाहिले आहेत. मागायचे झाल्यास नेमके मागावे, हे मी अनुभवाने शिकले. ‘कोणीतरी मदत करा हो’ या हाकेला गर्दी नुसती पाहत राहते. ‘निळ्या शर्टातले दादा, ही पिशवी तेवढी वरच्या पायरीवर ठेवाल का?’ असे म्हटले की दादा लगेच पुढे येतात, कारण काय करायचे हे त्यांना कळलेले असते.

ओंजळीतली नोट

काही वर्षांपूर्वी एका तीर्थक्षेत्री मंदिराच्या पायऱ्यांशी बसून मी कॅलिपरचे पट्टे सोडत होते. कॅलिपर चामडी बुटाला जोडलेला असतो, त्यामुळे तो बाहेर काढून ठेवावा लागतो आणि पुढे कुबडी व भावाचा हात यांच्या आधाराने जावे लागते. तेवढ्यात पूजेची वस्त्रे नेसलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी माझ्या हातात दहा रुपयांची नोट ठेवली आणि ते पुढे गेले. त्या काळी मी बँकेच्या एका शाखेत कर्जविभाग सांभाळत होते. माझा धाकटा भाऊ संतापला. ती नोट त्यांच्या अंगावर फेकायला निघाला. मी त्याला थांबवले, कुबडी घेऊन सावकाश त्या गृहस्थांपर्यंत गेले आणि म्हणाले, ‘काका, ही आपली नोट. मीही दर्शनालाच आले आहे. आत भंडार आहे, तिथे आपण दोघे मिळून टाकू या. माझेही दहा त्यात घालते.’ ते इतके ओशाळले की त्यांना शब्द सुचेना. मग आम्ही दोघांनी भंडारात नोटा टाकल्या. दुपारी भोजनशाळेत ते मुद्दाम आमच्या शेजारी येऊन बसले, गाव विचारले, घराणे विचारले आणि कोणतीतरी दूरची सोयरीकही शोधून काढली.

त्या गृहस्थांचा हेतू वाईट नव्हता, हे मला तेव्हाही कळत होते. मंदिराच्या पायरीवर कुबडी घेऊन बसलेला माणूस त्यांनी आयुष्यभर एकाच भूमिकेत पाहिला होता. तसाच माणूस पूजेसाठी, दर्शनासाठी, देण्यासाठी आलेला त्यांनी बहुधा कधी पाहिलाच नव्हता. सम्यक्त्वाच्या लक्षणांत अनुकंपेची गणना होते. या शब्दातच ‘कंप’ आहे. समोरच्याच्या दुःखाने आपले मन हलणे, असा त्याचा भाव. त्यासाठी आधी समोर कोण आहे आणि त्याला दुःख आहे तरी कसले, हे पाहावे लागते. न पाहता दिलेले दान देणाऱ्याला समाधान देते, घेणाऱ्याला मात्र खाली बसवते.

कर्माचा दाखला

परक्यांच्या बोलण्यातील सर्वांत जड वाक्य आपल्या समाजात हमखास ऐकू येते : ‘पूर्वजन्मीचे भोग आहेत, बाई.’ बोलणारी व्यक्ती बहुतेक वेळा धार्मिक वृत्तीची असते आणि आपण सांत्वन करीत आहोत, असेच तिला वाटते. शरीराच्या दुःखाचा संबंध आपले शास्त्र असातावेदनीय कर्माशी लावते, हे खरे आहे. पण ते कर्म बांधले कशाने जाते, हेही तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. स्वतःला किंवा दुसऱ्याला दुःख, शोक, संताप देणे, रडवणे ही त्याची कारणे आहेत. उलट जीवांविषयीची अनुकंपा ही सातावेदनीय कर्माचे कारण आहे. म्हणजे दुसऱ्याच्या अधूपणावर बोट ठेवून त्याला दुखावणारा माणूस आपल्याच खात्यावर नवी नोंद करीत असतो. कर्मसिद्धान्त हा स्वतःचे खाते तपासण्यासाठी आहे. परक्याच्या खात्याची चौकशी करण्याचा अधिकार बँकेतसुद्धा कोणाला नसतो. मला कोणी हे वाक्य ऐकवले की मी इतकेच म्हणते, ‘कर्म तर सर्वांचेच असते, माझे डोळ्यांना दिसते एवढेच.’ बहुतेक जण यावर हसतात, आणि संभाषण दुसरीकडे वळते.

या समजुतीची खरी झळ सोयरिकीच्या वेळी बसते. पोलिओ आनुवंशिक नाही, ही साधी गोष्ट असूनही माझ्या धाकट्या बहिणीला पाहायला पाहुणे येणार होते तेव्हा ‘मोठीला त्या दिवशी मामाकडे पाठवा’ असे सुचवणारे हितचिंतक होते. वडिलांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. पाहुणे आले तेव्हा त्यांनी मला गादीवर आपल्या शेजारी बसवले आणि ‘ही माझी थोरली, एम. कॉम. करते आहे, दुकानाच्या खतावण्या हीच पाहते’ अशी ओळख करून दिली. ती सोयरीक जमली. ज्या घरांत आज असे मूल आहे, त्यांनी ही एक गोष्ट जरूर करावी. घरचे लोक जसे मुलाला पुढे करतात, त्यावरून पाहुण्यांची नजर ठरते.

कौतुकाचा भार

बावीस परीषहांत ‘आक्रोश’ म्हणजे कठोर शब्द सहन करणे जसे आहे, तसेच ‘सत्कार-पुरस्कार’ही आहे. मानसन्मान हीदेखील समता ढळवणारी गोष्ट मानली, ही आपल्या आचार्यांची केवढी सूक्ष्म दृष्टी! अधू माणसाला हा परीषह वारंवार भेटतो. भाजी आणायला गेले तरी ‘कमाल आहे हो तुमची’ असे उद्गार निघतात. स्वतः चाकाची खुर्ची वापरणाऱ्या ऑस्ट्रेलियन पत्रकार स्टेला यंग यांनी २०१४ मधील एका गाजलेल्या व्याख्यानात या वृत्तीवर नेमके बोट ठेवले होते. दिव्यांग व्यक्तीने केवळ सकाळी उठून कामाला जाणे हे इतरांसाठी स्फूर्तिदायक मानले जाते, याचा अर्थ तिच्याकडून कोणाची काही अपेक्षाच नसते, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

बँकेत काउंटरमागे बसले असताना माझा पाय कोणाला दिसत नसे. एकदा एक व्यापारी डिमांड ड्राफ्टला वेळ लागतो म्हणून तावातावाने बोलत होते. रजिस्टर आणण्यासाठी मी कुबडी घेऊन उठले आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. ‘राहू द्या ताई, तुम्ही बसा, काही घाई नाही.’ ड्राफ्ट मी त्यांना ठरल्या वेळी दिला. पण त्यांनी आपली तक्रार गिळली, यात मला आदर वाटला नाही. ज्याच्याशी आपण भांडतो त्याला बरोबरीचा मानत असतो. ते भांडण त्यांनी पुरे केले असते तर मला अधिक बरे वाटले असते.

माझ्याशी बोला

कुबडीकडून चाकाच्या खुर्चीकडे आल्यावर एक बदल मला प्रकर्षाने जाणवला. कुबडी असताना लोक नको तेवढे विचारत. खुर्चीत बसल्यावर ते माझ्याशी बोलेनासेच झाले. कापडाच्या दुकानात विक्रेता माझ्या भाचीला विचारतो, ‘यांना कोणता रंग दाखवू?’ उपाहारगृहात वाढपी तिलाच विचारतो, ‘आजींना साखर चालते का?’ हा अनुभव जगभर सारखाच असावा. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या रेडिओ ४ वर दिव्यांगांसाठीचा एक कार्यक्रम १९७७ पासून १९९८ पर्यंत चालला. त्याचे नावच ‘डझ ही टेक शुगर?’, म्हणजे ‘यांना साखर चालते का?’ असे होते.

यावर आम्ही दोघींनी एक साधा उपाय शोधला आहे. प्रश्न तिला विचारला गेला की ती काहीच बोलत नाही, फक्त माझ्याकडे पाहते. विचारणाऱ्याची नजर आपोआप तिच्या नजरेमागून माझ्यापर्यंत येते. मग मी उत्तर देते आणि पुढचा व्यवहार माझ्याशी सुरळीत होतो. ना कोणाला टोमणा, ना कोणाचा अपमान. वाचकांपैकी अनेकांची दुकाने आहेत, म्हणून आणखी थोडे सांगते. ग्राहक खुर्चीत असेल तर स्टुलावर बसून, समोरासमोर बोलावे. माल त्याच्या हातात द्यावा, बिल त्याच्या हातात द्यावे, सुटे पैसेही त्याच्याच हातात ठेवावेत. दयेपोटी दिलेल्या सवलतीपेक्षा असा ग्राहक या वागणुकीमुळे पुन्हा येतो.

उत्तर देणे हे कर्ज नव्हे

ज्यांना या प्रतिक्रिया रोज झेलाव्या लागतात, त्यांच्यासाठी माझ्या शिदोरीतील काही गोष्टी येथे नोंदवते. पहिली गोष्ट, अनोळखी माणसाच्या प्रश्नाला उत्तर देणे हे आपल्यावर कर्ज नसते. सौजन्य द्यावे, माहिती किती द्यायची ते आपण ठरवावे. मी तीन उत्तरे तयार ठेवते. वाटेतल्या माणसाला ‘लहानपणी पोलिओ झाला होता’ एवढे पुरते. लांबच्या प्रवासातील सोबत्याला, मन असेल तर, सविस्तर सांगते. आणि ज्या दिवशी मन नसते त्या दिवशी, ‘आज त्याविषयी नको, तुम्ही कुठे निघालात?’ औषधे, तेले आणि वैद्य सुचवणाऱ्यांना ‘धन्यवाद, माझे उपचार चालू आहेत’ हे वाक्य लागू पडते.

दुसरी गोष्ट, रोज साऱ्या जगाला शहाणे करण्याची जबाबदारी आपण घेऊ नये. त्याने माणूस दमतो आणि मग घर सोडवत नाही. तिसरी गोष्ट, सोबतच्या माणसाचा राग समजून घ्यावा. नजरा आपल्याला टोचतात, तशा त्यालाही टोचतात, अनेकदा अधिकच. आपण कधी उत्तर देणार आणि कधी सोडून देणार, हे घरीच त्याच्याशी बोलून ठेवावे. चौथी गोष्ट, सहन करणे आणि अन्याय मुकाट्याने चालू देणे यांत फरक आहे. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ९२ नुसार, दिव्यांग व्यक्तीला पाणउतारा करण्याच्या हेतूने लोकांसमक्ष अपमानित करणे हा गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. त्याचा वापर करायची वेळ क्वचितच येईल; पण तो आहे, हे ठाऊक असले की पाठ ताठ राहते.

याविषयी आणखी वाचायचे असल्यास कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन अवश्य वाचावे. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर त्यांचे कमरेखालचे शरीर निकामी झाले. स्वतः चाकाच्या खुर्चीत असणाऱ्या बाबूकाका दिवाण यांच्या भेटीने त्यांना नवी दिशा मिळाली आणि १९८४ मध्ये त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. निराश माणसाला उपदेशाहून, आपल्यासारख्याच माणसाला कामात गढलेले पाहणे किती बळ देते, हे त्यातून दिसते.

पाचवी आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे, पुन्हा त्याच ठिकाणी जावे. खुर्ची घेऊन मी प्रथम भाजीबाजारात गेले तेव्हा दोन्ही बाजूंचे विक्रेते हातातले काम थांबवून पाहत होते. दुसऱ्या आठवड्यात थोडे कमी पाहिले. महिन्याभराने मेथीवाल्या मावशी लांबूनच ओरडल्या, ‘ताई, आज मेथी कोवळी आहे, घेऊन जा.’ त्यांना खुर्ची दिसायची थांबली होती, गिऱ्हाईक दिसू लागले होते. परकी नजर वाद घालून बोथट होत नाही, ती ओळखीने होते; आणि ओळख होण्यासाठी वारंवार समोर यावे लागते.

आपल्याच यात्रांत याचा पुरावा आहे. शिखरजीच्या २७ किलोमीटरच्या वाटेवर किंवा पालिताण्याच्या साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्यांवर डोलीत बसून निघालेल्या आजीबाईंकडे कोणी टक लावून पाहत नाही. ‘काय झाले हो?’ असे विचारत नाही. त्यांचे दर्शन कमी प्रतीचे झाले, असे कोणाच्या मनातही येत नाही. पिढ्यानपिढ्या डोली पाहून डोळे सरावले आहेत. चाकाची खुर्ची ही शहरातली डोलीच होय.

दारातली पायरी

पण समोर येण्यासाठी आधी दारातून आत येता आले पाहिजे. आमच्या परिचयातील कॉलेजात शिकणारी एक मुलगी दुचाकीच्या अपघातानंतर चाकाची खुर्ची वापरते. दोन वर्षे ती पर्युषणात उपाश्रयात आलेली नाही. उपाश्रयाला सात पायऱ्या आहेत. चार जण तिला खुर्चीसह उचलायला आनंदाने तयार असतात. पण ‘सगळे थांबून पाहतात, त्यापेक्षा मी घरीच प्रतिक्रमण करते’ असे ती म्हणते. संवत्सरीला आपण समस्त जीवांची क्षमा मागतो. त्या क्षणी ती एकटी घरात असते. आपल्या अनेक सभागृहांत कृत्रिम पाय आणि चाकाच्या खुर्च्यांच्या वाटपाचे मोठे कार्यक्रम होतात. त्यांतील कितीतरी सभागृहांच्या दारी ती खुर्ची आत नेण्याची सोय नसते.

२०१६ च्या कायद्याने सार्वजनिक वापराच्या इमारती सुगम्य करणे बंधनकारक केले आहे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष ऐच्छिक न राहता सक्तीचे असावेत, असा निर्णय दिला आहे. बँकांना तर एटीएमपाशी उतार बांधण्याची सूचना रिझर्व्ह बँकेने २००९ मध्येच केली होती. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब अवघड नाही. उताराचे प्रमाण एकास बारा धरतात. दुकानाची सहा इंची पायरी असेल तर सहा फूट लांबीचा उतार लागतो. तो सुटा, उचलून ठेवता येण्याजोगाही करता येतो. उपाश्रयाच्या सात पायऱ्या प्रत्येकी सहा इंचांच्या धरल्या तर उंची बेचाळीस इंच आणि उतार बेचाळीस फूट होतो. समोर एवढी जागा नसेल तर मधे सपाट थांबा देऊन तो वळवता येतो. पुष्कळ इमारतींना मागच्या बाजूस कमी पायऱ्यांचे एक दार असते. तिथे हे काम आणखी सोपे होते. मात्र ते दार वेळेवर उघडलेले असावे आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे, हे विचारत फिरावे लागू नये.

परीषह सहन करणे हा साधकाचा धर्म आहे. दुसऱ्यासाठी परीषह निर्माण करणे हा कोणाचाच धर्म नाही. माझी पिढी पोलिओची शेवटची पिढी ठरावी. पण चाकाच्या खुर्च्या कमी होणार नाहीत. आयुर्मान वाढते आहे, रस्त्यांवर वाहने वाढत आहेत. विश्वस्त मंडळींना आणि पेढीवर बसणाऱ्या बंधू-भगिनींना एकच विनंती आहे. येत्या चातुर्मासापूर्वी एक टेप घ्यावी, आपल्या उपाश्रयाच्या, सभागृहाच्या आणि दुकानाच्या दारातली पायरी स्वतः मोजावी आणि आलेल्या आकड्याला बाराने गुणावे. कामाचा अंदाज तिथेच मिळेल.

जय जिनेंद्र.